जीन्स, जुलै आणि कोकणकडा

जुलैत पायथ्याच्या पाचनई गावाहून हरिश्चंद्रगड चढताना वरच्या मंदिरापर्यंत कुणालाच थंडी वाजत नाही. उलट सगळ्यांची कुरकुर उकाड्याची. दोन-अडीच तासांची चाल, पाठीवर सॅक, रेनकोटच्या आत घामाची वाफ. थंडी गाठते ती पुढं कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या कोकणाकडच्या उभ्या कड्यावर. समोर पांढऱ्या ढगाखेरीज काही दिसत नाही, पण "आत्ता उघडेल, पाचच मिनिटं" असं करत लोक अर्धा-अर्धा तास बसतात. कड्याखालून वारा वर येतो, पाऊस पायाकडून तोंडाकडं उडतो, आणि ज्यांच्या अंगात जीन्स आहे त्यांचे दात वाजायला लागतात. दर पावसाळी रविवारी हे दृश्य तिथं हमखास असतं, आणि मला त्याचा राग येतो, कारण शनिवारी रात्री कपाटासमोर दोन मिनिटं विचार केला असता तरी ते टळलं असतं.

हिशेब सोपा आहे. गड १,४२४ मीटर उंच. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे किनाऱ्यापेक्षा वर नऊएक अंश कमी. मुंबईत २७ असेल तर कड्यावर १८. कोरड्या सदऱ्यात १८ अंश म्हणजे चैन. पण पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं. त्यात वारा. चालताना शरीर भट्टीसारखं तापलेलं असतं, म्हणून हे जाणवत नाही. थांबलं की भट्टी विझते आणि ओला कपडा तसाच अंगाला चिकटून राहतो. पावसाळी कपडे निवडताना म्हणून मी एकच बघतो: हे पूर्ण भिजलेलं असताना यात अर्धा तास बसवेल का? 'भिजणारच नाही' या आशेवर सह्याद्रीत जुलै काढता येत नाही.

सुती धागा पाणी स्वतःच्या आत ओढून घेतो. पावसात न भिजताही, नुसत्या दमट हवेतून तो आपल्या वजनाच्या ७-८ टक्के पाणी धरतो; पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पॉलिस्टरमध्ये पाणी राहतं ते धाग्यांच्या मधल्या फटींत, ते पिळलं की बरंचसं जातं आणि उरलेलं अंगाच्या उबेनं सुकतं. खात्री करायची असेल तर घरी सुती आणि पॉलिस्टर असे दोन टी-शर्ट बादलीत बुडवा, जोर लावून पिळा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. जीन्सचं तर विचारूच नका. जाड वीण, खिशापाशी आणि कमरेशी दुहेरी-तिहेरी कापड, तिथं दुसऱ्या दिवशीही ओल असते. ओली जीन्स गुडघ्याला चिकटते, त्यामुळे दर उंच पायरीला मांडीनं कापडच उचलावं लागतं. आतली जाड शिवण मांड्यांना घासते ती वेगळीच.

तर पाचनईच्या वाटेवर जुलैत अंगात काय असावं? पातळ नायलॉनची किंवा पॉलिस्टरची पूर्ण लांबीची पँट, चारी बाजूंनी ताणली जाणारी मिळाली तर उत्तम. दुकानात घालून गुडघा छातीपर्यंत उचलून बघायचा. कंबर खाली सरकली किंवा मांडीत अडकलं तर ती पँट परत ठेवायची. दोन पायांच्या मधोमध चौकोनी तुकडा जोडलेला असेल तर तिथं चार शिवणी एका ठिकाणी येत नाहीत, घासत नाही आणि उसवतही नाही. वर पॉलिस्टरचा टी-शर्ट, लांब बाह्यांचा. यासाठी महागडं काही लागत नाही. गल्लीतल्या क्रिकेट स्पर्धेत वाटलेला, पाठीवर प्रायोजकाचं नाव असलेला जाळीदार टी-शर्ट हा सह्याद्रीतला सगळ्यात कमी कौतुक झालेला कपडा आहे.

आतल्या कपड्यांबद्दल लोक संकोचानं बोलत नाहीत आणि मग उतरताना फेंगडे चालतात. सुती अंतर्वस्त्राची कड ओली झाली की करवतीसारखं काम करते. सायकलवाले घालतात तशी मांडीपर्यंतची तंग चड्डी आत घाला, आणि निघण्यापूर्वीच जांघेत व्हॅसलीन लावा. सोलवटल्यावर लावून फक्त चुरचुरतं.

आता रेनकोट. दुचाकीवरचा जाड रबरी रेनकोट चढणीवर घातला की माणूस आतून तितकाच भिजतो, फक्त घामानं. मग कुणीतरी 'श्वास घेणारं' महाग जॅकेट आणतं आणि त्याचंही तेच होतं. याचं कारण जॅकेटवाले सांगत नाहीत. आतली वाफ कापडाखालच्या पातळ पडद्यातून बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा बरीच कोरडी हवी. युरोपातल्या थंड डोंगरात ती असते. जुलैत पाचनईत हवाच पाण्यानं भरलेली, वाफ जाणार कुठं? शिवाय वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला की कापड ओलं होऊन पडद्यावर पाण्याचा थरच बसतो. लेबलवरचा १०,००० किंवा २०,००० हा आकडा म्हणजे कापड किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सहन करतं ते. आपल्या पावसाला १०,००० पुरतात. गळतं ते आधी खांद्यावर, सॅकचे पट्टे दाबतात तिथं, आणि नाहीतर शिवणीतून, म्हणून शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते बघा. मी आकड्यापेक्षा काखेतल्या चेनला जास्त किंमत देतो. ती उघडली की वारा आत खेळतो.

खरं तर चढताना रेनकोट घालूच नये. टी-शर्टवर पातळ, बिनअस्तराचं विंडचीटर, वारा अडवण्यापुरतं, आणि खुशाल भिजायचं. रेनकोट सॅकच्या वरच्या कप्प्यात. कड्यावर पोचल्यावर, बसण्याआधी, अजून ऊब आहे तोवर तो चढवायचा. थंडी वाजायला लागल्यावर घातला तर आत साठवायला ऊब उरलेलीच नसते. सोबतचा कुणी थरथरत असेल, बोलताना अडखळत असेल, चेन लावताना बोटं चुकत असतील, तर फोटो सोडा, त्याला कोरडं घाला आणि तिथून हलवा.

पॉन्चो सपाटीवर छान. वाटेतल्या रेलिंगच्या टप्प्यात तो वाऱ्यानं तोंडावर येतो आणि पाय कुठं पडतोय ते दिसत नाही. छत्री मंदिरापर्यंत झाडीत चालते, कड्यावर उलटी होते. चष्मेवाल्यांनी टोपडीखाली पुढं झाप असलेली टोपी घालावी, काचांवर थेट मारा कमी होतो.

हे सगळं ज्ञान पाचनईच्या शेतात आधीपासून आहे. वाटेवर गुराखी दिसतो तो घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन. दख्खनी मेंढीची राठ लोकर, घट्ट वीण. पाणी बराच वेळ वरूनच निथळतं, नंतर घोंगडी जड होते, पण लोकरीचा कुरळा धागा हवा धरून ठेवतो म्हणून ऊब जात नाही. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ धाग्यात सामावून घेते तरी हाताला ओली लागत नाही. आणि खोळ खालून मोकळी, म्हणजे काखेतल्या चेनचं काम आपोआप. इरलं त्याच्याही पुढचं: बांबूच्या कामट्यांवर पानं, आता बहुतेक प्लास्टिकचा कागद, आणि ते अंगाला चिकटतच नाही. वाकून भातलावणी करणाऱ्याच्या पाठीला त्याहून चांगलं काही नाही. चढणाऱ्याला मात्र ते कातळाला अडकेल.

पायांचं थोडक्यात. वॉटरप्रूफ बूट ओढ्यात वरून भरतो आणि मग बादलीसारखा पाणी धरून ठेवतो. गडावरून उतरणाऱ्या मंगळगंगेच्या पाण्यातून एकदा गेलं की जाळीचा, पाणी ओघळून जाणारा बूटच बरा. तळवा मऊ रबराचा आणि खोल खाचांचा हवा. टणक तळव्याचा बूट शेवाळलेल्या कातळावर साबणासारखा सुटतो. मोजे पॉलिस्टरचे किंवा लोकरी, सुती नकोत, त्यांच्या घड्या पडतात आणि घडीखाली फोड येतो. मुक्काम असेल तर कोरडे मोजे फक्त झोपायला. सकाळी जिवावर येतं, पण ओल्या बुटात परत ओलेच मोजे घालायचे. कोरडे घातले तर दहा मिनिटांत दोन्ही जोड ओले. सॅकवरच्या कव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी शिरतंच. सॅकच्या आतच मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यात सगळं भरायचं आणि तोंड पिळून दुमडायचं.

धुक्यात भडक रंग हवा. मातकट हिरव्या नक्षीची पँट आणि वर तसंच जॅकेट घालून माणूस पठारावर वीस पावलांवर दिसेनासा होतो. हौस म्हणून ठीक, पण मागं पडलेल्याला शोधणाऱ्याचा विचार करा.

सप्टेंबर-ऑक्टोबरची गंमत वेगळी. सोनकी फुलते, ऊन चटके देतं, आणि गवत वाळायला लागलं की कुसळं. फ्लीस (केसाळ, उबदार पॉलिस्टर) आणि लोकरी मोजे यांना कुसळं अशी धरतात की काढताना संध्याकाळ होते. गुळगुळीत नायलॉनवरून ती घसरतात. पँटची कड मोज्याच्या वर, आत खोचून नव्हे. जळवांच्या जंगलात नेमकं उलटं, वासोट्याच्या बाजूला पावसात पँट मोज्यातच खोचायची. हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा पिकतात. तिचे केस उघड्या दंडाला लागले की पुढचा दिवस फुकट. लांब बाह्यांचं महत्त्व तेव्हा पटतं.

डिसेंबर-जानेवारीत गडावर रात्री पारा एक आकडी होतो, आणि चूक तीच, फक्त उलट्या दिशेनं. पहाटे पाचनईत कुडकुडत जॅकेट, कानटोपी घालून लोक निघतात, पंधरा मिनिटांत आतला टी-शर्ट घामानं चिंब, आणि संध्याकाळी तोच टी-शर्ट अंगावर सुकवत बसतात. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. अंगात टी-शर्ट, फार तर विंडचीटर. वर पोचल्या पोचल्या, गप्पांच्या आधी, टी-शर्ट बदला. त्यावर पातळ फ्लीस, त्यावर मघाचंच विंडचीटर. फ्लीस हवा धरतं पण वारा त्यातून आरपार जातो. विंडचीटर वारा अडवतं पण ऊब धरत नाही. दोन्ही मिळून साडेपाचशे-सहाशे ग्रॅममध्ये एका जाड जॅकेटचं काम होतं आणि उकडलं की एक काढता येतं. झोपायचा जोड वेगळा, त्यात चालायचं नाही आणि शेकोटीपाशी बसायचं नाही. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की भोकच. चुलीपाशी मोजे वाळवणाऱ्यांचे मोजे आकसून, कडक होऊन परत मिळतात.

आणि केदारेश्वर, गडावरची पाण्यातल्या शिवलिंगाची गुहा. दुपारी चारला त्या कमरेएवढ्या गार पाण्यात अंगावरच्या कपड्यांनिशी प्रदक्षिणा घालायची आणि सूर्यास्ताला कोकणकडा गाठायचा, हा अनेकांचा कार्यक्रम असतो. पिंडीभोवती जरूर जा, पण चड्डीवर, आणि बाहेर येऊन अंग पुसायला पंचा ठेवा. पंचा पातळ असतो, पिळला की लगेच वाळतो. जाड टॉवेल दोन दिवस वाळत नाही. स्वच्छ रात्री थंड हवा खोलगट जागी साचते, म्हणून मंदिराच्या खळग्यापेक्षा जरा उंचावर, वाऱ्याच्या आडोशाला झोपलेलं जास्त उबदार.

हीच मंडळी मेमध्ये हिमाचलात जाताना पिसांचं जॅकेट घेतात. तिथल्या कोरड्या थंडीला ते योग्य, पण भिजलं की पिसं गोळा होतात आणि ऊब संपते. सह्याद्रीच्या पावसात ते नेऊ नका.

एप्रिल-मेमध्ये मात्र मी सुती कपड्याची माफी मागतो. कोरड्या उन्हात घाम धरून ठेवणारा ढगळ, फिक्या रंगाचा सुती सदरा सावकाश सुकतो आणि सुकताना अंग गार ठेवतो. पावसात ज्यासाठी शिव्या घातल्या तेच. पॉलिस्टर तेव्हा अंगाला चिकटतं आणि दुपारपर्यंत वास मारतं. पुढं झाप असलेली टोपी कान आणि मान उघडी ठेवते, म्हणून चौफेर काठाची टोपी, किंवा पंचा ओला करून मानेवर. अर्ध्या चड्डीत तापलेल्या कातळावर बसून बघा, मग पूर्ण पँटचा वाद मिटतो. अत्तर आणि काळे कपडे टाळा. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, आणि गडद रंग नि उग्र वास या दोन्हींनी ते बिथरतं.

परतीचा कोरडा जोड कसाऱ्याच्या लोकलसाठी वेगळ्या पिशवीत हवा, त्यात जीन्स चालेल. ओले कपडे घरी आल्याच रात्री पिशवीतून काढा, सोमवारपर्यंत ठेवले तर काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. विंडचीटर आणि रेनकोटला साबण थोडा, कंडिशनर अजिबात नाही, खळखळून दोन पाण्यांत काढायचं. रेनकोट घडी न करता हँगरला, पंख्याखाली. घडी पडते तिथंच पुढच्या जूनमध्ये लेप सोलायला लागतो.