बांधावरचा भंडारा

मोजणीसाठी ज्या शेतात जावं तिथे आमच्याबद्दल एक गोष्ट आधीच ठरलेली असते: मोजणीवाल्यांनी पैसे खाल्लेत. प्रश्न फक्त कुणाकडून, एवढाच. अर्जदाराला वाटतं लगतधारकाने, म्हणजे शेजारच्या शेतवाल्याने दिले, लगतधारकाला वाटतं अर्जदाराने. भूमी अभिलेख खात्यात इतकी वर्षं काढल्यावर मला त्याचं वाईट वाटेनासं झालंय. ज्यांचा घरातल्या माणसावर भरवसा उरला नाही, ते माझ्यावर कशाला ठेवतील?

पुरंदर तालुक्यातलं हे प्रकरण निमताना मोजणीचं. पहिली मोजणी मान्य नसेल तर वरच्या कर्मचाऱ्याकडून पुन्हा मोजून घेता येते, ती निमताना मोजणी. वाद दोन चुलत भावांचा. थोरला पासष्टीच्या घरातला, त्याला सगळे दादा म्हणत. धाकटा पन्नाशीचा, तो बापू. दोघांच्या बापांची वाटणी फार जुनी, फाळणी बारावर, म्हणजे पोटहिश्श्यांच्या मोजणीच्या जुन्या कागदावर, दोन्ही हिश्श्यांची मापं व्यवस्थित लिहिलेली. मधे बांध. बांधावर एक चिंच आणि सीताफळाची पाच-सहा झाडं. पहिल्या मोजणीत निघालं होतं की बांध खऱ्या हद्दीवर नाही, बापूच्या अंगावर आलाय. दादाच्या वहिवाटीत पावणेदोन गुंठे जास्त.

तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. असे चाळीस झाले की एकर. पावणेदोन गुंठ्यांत पीक काय येणार? पण बापूने गावभर सांगितलं की दादाने रात्रीतून हद्दीचा दगड सरकवला. दादाने सांगितलं की बापूने मोजणीवाल्याला गाठून लाइन फिरवली. एकमेकांच्या लग्नकार्याला जाणं बंद झालं होतं. बापूच्या मुलीच्या लग्नात आहेराची साडी परत गेली, हे मला पोलीस पाटलांनी न विचारता सांगितलं. अशी माहिती मोजणीच्या दिवशी फार मिळते.

सकाळी आठला यंत्र लावलं. हल्ली आम्ही रोव्हर वापरतो. काठीवर अँटेना, हातात टॅबसारखं कंट्रोलर. उपग्रहांकडून येणारा सिग्नल आणि कायमच्या केंद्रांकडून मिळणारी दुरुस्ती, दोन्ही जुळले की पडद्यावर ‘फिक्स’ असं येतं आणि बिंदू काही सेंटिमीटरच्या आत पक्का होतो. झाडाखाली गेलं की सिग्नल अडतो, ‘फ्लोट’ दाखवायला लागतो, आणि त्या आकड्यावर रेघ मारायची नसते. चिंचेखाली तेच झालं. मी काठी धरून उभी, पडद्यावर फ्लोट, आणि पाठीमागे एक म्हातारबा दुसऱ्याला सांगतोय, “मॅडम वरच्याला इचारत्यात. त्यानं सांगितलं की लिवत्यात.”

हसू आलं, पण म्हातारबा फार चुकत नव्हते.

शेवटी चिंच टाळून दोन्ही बाजूंना मोकळ्यात बिंदू घेतले आणि तिथून कोपरा काढला. शेजारच्या गटांचे चार जुने दगड जागेवर सापडले, त्यांची मापं टिपणाशी, म्हणजे मूळ मोजणीच्या कागदाशी जुळली, म्हणजे आधार पक्का होता. अकराच्या सुमाराला चित्र स्पष्ट झालं. पहिल्या मोजणीवाल्याने काम चोख केलं होतं. हद्द सरळ रेषेत जात होती, बांध मात्र मधल्या भागात पोट काढून बापूकडे वळलेला. आणि हद्दीचा दगड, ज्यावर सगळा वाद, तो हद्दीवर नव्हताच. तो बांधावर, वळणाच्या ऐन टोकाला पुरलेला.

त्या बांधाचा आकार पाहून मला शंका आली, म्हणून गावातल्या जुन्या माणसांना विचारलं की हा बांध घातला कधी. दुष्काळात, असं उत्तर आलं. 1972 च्या दुष्काळात सरकारने माणसांच्या हाताला काम म्हणून ठिकठिकाणी बंडिंग काढलं होतं. सुकडी खाऊन आणि लाल मिलोची भाकरी चावून लोकांनी ते बांध घातले. पण ते बांध पाणी आणि माती अडवायला होते. ते जमिनीच्या उताराला आडवे, समपातळीत जातात. कुणाची मालकी कुठे संपते याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. पुढे वीस-पंचवीस वर्षं गेली की नवी पिढी त्यालाच हद्द मानते. पश्चिम महाराष्ट्रातल्या बांधाच्या भांडणांत अशी किती तरी असतील. ज्यात कुणीच चोर नाही, आणि दोन घरं मात्र एकमेकांना चोर म्हणत बसलेली.

मी हे सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. बांधाचं कोडं सुटलं. दगडाचं सुटलं नाही. दगड आपण होऊन चालत बांधावर जात नाही.

बापू तेव्हा पुढे आला. खिशातून त्याने प्लास्टिकची पुडी काढली, तिच्यात भंडारा आणि बेलाचं पान. तयारीनेच आला होता. जेजुरी हाकेच्या अंतरावर, घराघरात खंडोबाचे टाक, तेव्हा भंडारा कुठून आणला हे विचारायचं कारणच नाही. त्याने पुडी दादासमोरच्या दगडावर ठेवली आणि मोठ्याने म्हणाला, “दादा, बेलभंडारा उचल. म्या दगड हलवला न्हाई, येवढं म्हण. पावणेदोन गुंठं तुला सोडलं. मॅडम, लिहून घ्या, मी सही करतो.”

मी म्हटलं, असं लिहून घ्यायचा मला अधिकार नाही. मी हद्द दाखवते, ताबा देत नाही. मालकीचं काय ते दिवाणी न्यायालयात. बापूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मधे एक आठवण सांगते, नाहीतर वाटेल की भंडारा म्हटलं की मी हरखून गेले. नोकरीच्या सुरुवातीला दुसऱ्या तालुक्यात एका माणसाने अशाच वादात भंडारा हसत हसत उचलला होता. नंतर चहा पिताना मला म्हणाला, “देवाला काय सातबारा वाचता येतोय?” त्या दिवसापासून देवाच्या शपथेचं मला फारसं अप्रूप नाही. नुसता भंडारा म्हणजे हळद. त्याच्यावर विसंबून कागद रंगवू नये.

पण बापूचं बोलणं वेगळं होतं. पोलीस पाटील त्याला बाजूला घेऊन सांगत होते, “अरे, उचलला तर? जागा जाईल की तुझी.” त्यावर बापू जे बोलला ते मी माझ्या कानांनी ऐकलं. “माझ्याशी खोटं बोलंल तो. खंडोबाशी न्हाई बोलायचा.”

दोन वर्षं ज्याला चोर म्हटलं, त्याच्याच तोंडच्या एका शब्दावर हा माणूस जमीन लावायला निघाला होता. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, माझा देवावर विश्वास आहे, दादावर नाही. मला ते पटत नाही. देवावरच विश्वास असता तर देव बघून घेईल म्हणून गप्प बसला असता. त्याने पैज लावली ती दादा देवाला भितो यावर, आणि ते ठाऊक व्हायला माणूस लहानपणापासून जवळून पाहावा लागतो. जेजुरीच्या पायऱ्या दोघे बरोबर चढले असणार, खोबरं-भंडारा बरोबर उधळला असणार. अनोळखी माणसासमोर बापूने ती पुडी कधीच उघडली नसती.

ही पद्धत जुनी आहे. मराठेशाहीत एकमेकांचा भरवसा नसलेले लोक बोलणी करताना बेलभंडार पाठवत. वतनाच्या वादात साक्षीपुराव्याने निकाल लागेना की दिव्य करायला लावत. रवा दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून वर मोहर, आणि पुढे पिशवी सोडून हात पाहायचा. तिथे माणसाच्या शब्दाला किंमतच नव्हती, चामडीने साक्ष द्यायची. इंग्रजांनी त्यापेक्षा बरं केलं. 1873 च्या शपथ कायद्यात अशी तरतूद होती की, समोरच्याने अमुक शपथ घेतली तर मी मान्य करीन असं एका पक्षाने म्हटलं आणि समोरच्याने ती घेतली, तर ती साक्ष तसं म्हणणाऱ्या पक्षावर बंधनकारक. घ्यायची नसेल तर सक्ती नाही, फक्त नकार आणि त्याचं कारण न्यायालयाने नोंदवायचं. 1969 च्या कायद्यात ती सोय राहिली नाही. आता साक्षीदार ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा नुसती प्रतिज्ञा करतो, आणि वकील त्याच्यावर उलटतपासणीला तुटून पडतो.

दादा बराच वेळ पुडीकडे बघत बसले होते. वारा होता. भंडारा उडून माझ्या नकाशाच्या कागदावर आला, सीताफळाच्या पानांवर बसला. त्यांच्या मुलाचा जीव वरखाली होत होता. तो कानाशी लागून म्हणाला, “आबा, तुम्ही न्हाई ना हलवला? मग उचला की.”

बरोबरच होतं त्याचं. बापूने मागितले होते ते शब्द साधे होते: मी दगड हलवला नाही. तेवढं म्हटलं की जागा राहणार, इज्जत राहणार, आणि बापू सगळ्या गावासमोर तोंडावर पडणार.

दादा उठले. हात मागे बांधले.

“म्या न्हाई उचलणार,” ते म्हणाले.

माणसांत कुजबूज झाली. बापूचा मेहुणा ‘बघा’ म्हणून ओरडला. दादांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते बापूला म्हणाले, “म्या हलवला न्हाई. पण दुष्काळात आप्पांच्या संगं मी व्हतो. बारा-तेरा वर्साचा. आप्पांनी कोपऱ्यातनं येक दगूड काढला, आम्ही दोघांनी पहारीनं ढकलत ढकलत बांधावर आणला. तो हद्दीचा का नुसता धोंडा, मला काय ठावं? आप्पा म्हनले, बांध झाला आता, दगूड बांधावर पायजे. म्या हात लावला. आता न्हाई लावला म्हनून कसा उचलू? आन् लावला म्हनून उचलू तर आप्पांना चोर ठरवू?”

मग थोडं थांबून, “आप्पा चोर न्हवते, बापू.”

पन्नास वर्षं ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती, मुलालासुद्धा. तो आबांकडे बघतच राहिला. कायद्याने कुणीही त्यांना खोटं ठरवू शकलं नसतं, कारण त्या दिवसाचे दुसरे साक्षीदार, म्हणजे त्यांचे वडील आप्पा, केव्हाच गेले होते.

बापू काही बोलला नाही. त्याने पुडीला गाठ मारली आणि खिशात ठेवली. पटका काढून डोकं खाजवलं. मग माझ्याकडे वळून एकदम व्यवहाराचं विचारलं, “मॅडम, खुणा कुठं कुठं करायच्या?”

मी खुणा दाखवल्या. दादांचा मुलगा आणि बापूचा पोरगा दोघांनी मिळून दगड उपटला. तो फार जड निघाला, खाली मुळं गुंतलेली. नव्या जागी पुरताना बापू म्हणाला, बांध राहू द्या, मोडला तर पावसाची सगळी माती वाहून जाईल. हद्द दगडावर, पाणी बांधावर. मधल्या पट्ट्यातली सीताफळं यंदा दादांनी तोडायची, पुढच्या वर्षापासून बापूने, असं त्यांचं त्यांनी ठरवलं. चिंचेवर मात्र पुन्हा पाच मिनिटं तणतण झाली, कारण नव्या रेषेने ती जेमतेम फूटभराने बापूकडे गेली होती आणि लावली होती दादांच्या आईने. तो वाद माझ्यासमोर मिटला नाही.

पंचनामा लिहिताना मला अडचण आली. उपस्थित लगतधारकांचे जबाब, हद्दीच्या खुणा, वहिवाटीतला फरक, सगळ्याला जागा आहे. शपथ घ्यायला सांगितली, घेतली नाही, आणि म्हणून वाद मिटला, याला कुठेच रकाना नाही. मी लिहिलं: ‘मोजणी उभय पक्षांस मान्य.’ दोघांनी सह्या केल्या. कागदाच्या कडेला भंडाऱ्याचा पिवळा डाग राहिला, वरिष्ठांनी विचारलं तर काय सांगायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही.

पुढे नकाशाची क प्रत, म्हणजे पक्षकारांना द्यायची नक्कल, तयार झाली तेव्हा बापू कार्यालयात आला. म्हणाला, दोन्ही द्या, दादाची मी नेऊन देतो, उगाच म्हाताऱ्याला एसटीने हेलपाटा. आमच्या क्लार्कने अधिकारपत्र मागितलं. बापूकडे नव्हतं. फोन लावून देतो, विचारा दादाला, म्हणाला. क्लार्क म्हणाला, फोनवर आम्ही कुणाला ओळखत नाही. नियमाने त्याचं बरोबर होतं, आणि मीही मधे पडले नाही. बापू कुरकुरत आपली एकच प्रत घेऊन गेला.

दोन दिवसांनी दादा स्वतः आले, दम लागलेले. सही करून प्रत घेतली आणि माझ्या टेबलाशी येऊन जरा रागानेच म्हणाले, “त्याच्यापाशी दिली आसती तर काय बिघडत व्हतं?”

मी त्यांना खुर्ची दिली आणि क्लार्ककडे बोट दाखवलं.