मेणवलीच्या घाटावरची मारिया

वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. लोक येतात ते नाना फडणवीसांचा वाडा बघायला. तो आम्ही भराभर पाहिला, कारण आई आणि मी वसईहून निघालो होतो ते घाटावरच्या घंटेसाठी.

कृष्णेच्या काठी, मेणेश्वराच्या देवळाजवळ शनीचं लहानसं दगडी मंदिर आहे. तिथे ती टांगलेली आहे. पंचधातूची आणि चांगलीच थोराड. आईने पदराने हात पुसला आणि मगच तिला स्पर्श केला. उठावात बाळ येशूला घेतलेली मारिया आहे, आणि ओतल्याचं साल १७०७. याच साली औरंगजेब गेला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. नानांचा जन्म १७४२ चा, त्यामुळे मेणवलीत ही घंटा आली असणार ती वसई पडल्यावर बऱ्याच वर्षांनी.

आमचं बालपण वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये हुंदडण्यात गेलं. सेंट जोसेफचा मनोरा अजून उभा आहे, पण त्यात घंटा नाही. ती रिकामी जागा मी इतकी वर्षं बघत आलेय की मेणवलीत हात लावताना घसा दाटून आला.

शेजारी एक आजी शनीला तेल घालत होत्या.

“कुठनं आलाय?”

“वसईहून.”

“मग ही घंटा तुमच्याकडचीच की!” त्या लगेच बाजूला सरकल्या. “या, पुढं या. निवांत बघा.”

आई हात जोडून ‘नमो मारिया’ पुटपुटत राहिली. तिचं होईपर्यंत आजी थांबल्या आणि मग तिच्या हातावर खडीसाखर ठेवली.

या घंटा परत आणाव्यात असं आमच्याकडे कुणी कुणी म्हणतं. मला ते पटत नाही. किल्ल्यातल्या त्या पडक्या चर्चवर छप्परसुद्धा उरलेलं नाही. इथे तिला सावली आहे, रोज येणारी माणसं आहेत आणि ती कुठून आली हे त्यांना ठाऊक आहे. लढाईत गेलेली वस्तू इतक्या मायेने सांभाळली जावी, याहून जास्त मी काय मागू? वसईच्या प्रत्येक घरातल्या पोरांना मात्र एकदा तरी इथे आणावं, शाळेची सहल काढून आणावं.

दुपारी पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलो. तिथलं होली क्रॉस चर्च १८३१ चं आहे. रंगीत काचांतून येणारा उजेड छान, शांतताही भरपूर. पण आईला विचारलं तर ती मेणवलीबद्दलच बोलते, आणि येत्या मे महिन्यात मावशीलाही घेऊन जायचं तिने ठरवलंय.