नाशिक-पुणे बाईकवर: सीटवाल्याचा स्पंज नारायणगावही गाठत नाही

"वरून एक थर टाकतो, गादी होईल," असं सांगून सीटवाल्याने पंधराशे घेतले. तुम्ही देऊ नका. दुकानात हाताने दाबताना मऊ लागतो तोच स्पंज रस्त्यावर दगा देतो. संगमनेरपर्यंत काही कळत नाही. चंदनापुरी घाट मागे पडला की तो चेपलेला असतो आणि बसण्याची दोन हाडं थेट खाली टेकतात.

खरा छळ राजगुरुनगर ते पिंपरी-चिंचवडमधला नाशिक फाटा. तीसेक किलोमीटर, पण दीड-दोन तास धरूनच चला. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसरा गिअर आणि सतत ब्रेक. बऱ्याच सीट पुढे उतरत्या असतात, त्यामुळे दर ब्रेकला अंग टाकीवर घसरतं. वारा नाही, रेक्झिन तापलेलं, जांघा सोलवटतात. वर थर टाकून हा उतार जात नाही, फक्त सीट उंच होते आणि गर्दीत पाय टेकेनासे होतात.

करून घ्यायचं ते असं. कव्हर काढायला लावा. बसण्याच्या जागी जुना फोम इंच-दीड इंच कापून तिथे रीबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला, कडक), वर जेमतेम अर्धा इंच मऊ. वजन साठच्या आत असेल तर रीबॉन्डेड दगडासारखा लागतो, साधा घट्ट फोम घ्या. टाकीकडे घट्ट फोमची पाचर: पुढे इंचभर, मागे शून्य. जोड तासून सपाट झाले पाहिजेत. कव्हर ठोकण्याआधी तसंच पंधरा मिनिटं बसून बघा, दोन मिनिटांत काही समजत नाही. शिवण बसायच्या जागी नको: टोचते, पावसात पाणीही तिथूनच आत जातं. फोमवर पातळ प्लॅस्टिक हवंच.

हवेची गादी घेतलीत तर टम्म फुगवू नका, वळणावर डुलते. वर बसून हवा सोडत जा, हाडं सीटपासून बोटभर वर राहतील इतकीच ठेवा. जेल पॅड उन्हात तव्यासारखा तापतो, गाडी उभी केली की झाकून ठेवा.

एकटे असाल तर मागच्या शॉकअपची सेटिंग डबलसीटची ठेवू नका, प्रत्येक धक्का कमरेत येतो.

कॉटनची चड्डी घामाने भिजली की तिची शिवण कापते. सायकलवाल्यांची पॅडेड शॉर्ट आत घाला.

संगमनेर, आळेफाटा, मंचर इथे थांबाच, दुखत नसलं तरी. एकदा दुखायला लागलं की दहा मिनिटांच्या चहाने काही होत नाही, आणि पुढे चाकण असतं.