उद्यमबागेतल्या शेडचे अडकलेले पैसे मी कसे काढले (माझा अनुभव)

मी बेळगावात बारा वर्षं सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट घेतोय, छोटीच कामं, घरं, दुकानं, कंपाउंड, एखादं शेड. डिसेंबर 2022 मध्ये उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखानदाराचं काम घेतलं, शेड आणि पुढं दोन मजली ऑफिस. जीएसटी धरून 21 लाख 40 हजारात ठरलं, आणि ठरलं म्हणजे काय तर त्यांच्या केबिनमध्ये चहा पिताना वहीच्या एका पानावर मी आकडे लिहिले आणि ते म्हणाले "करूया की, सुरू करा". ओळखीतले गृहस्थ होते त्यामुळं बाँड पेपर करायचं माझ्या मनातपण आलं नाही.

स्लॅब भरेपर्यंत पैसे टाइमवर येत होते. फूटिंगला दिले, कॉलमला दिले, पत्रे चढवताना तर मागायच्या आधीच दिले. नंतर हात आखडायला लागले. आज मला कळतंय की स्लॅब भरला, वर पत्रा आला, मशीन आत गेली की मालकाची घाई संपते, आणि आपले जास्तीत जास्त पैसे त्यानंतरच्याच कामात अडकतात, प्लास्टर, फरशी, प्लंबिंग, रंग. माझं तसंच झालं. ऑगस्ट 2023 मध्ये काम संपलं तेव्हा हातात 15 लाख 50 हजार आलेले. त्यात पावसाचं पाणी आत येईल म्हणून मध्येच प्लिंथ (जोतं) दीड फूट वर घ्यायला लावली होती, त्याचे 62 हजार वेगळे. म्हणजे येणं 6 लाख 52 हजार.

पुढचे सहा महिने कसे गेले ते मलाच माहीत. शनिवारी गवंडी, हेल्पर दारात येऊन थांबायचे, त्यांना मालकानं दिले नाहीत हे कारण सांगता येत नाही, ते माझ्या शब्दावर कामाला आलेले असतात. खडी आणि एम सँडवाल्याची उधारी वेगळी. आईच्या पाटल्या सोसायटीत ठेवल्या, आई काही बोलली नाही पण त्या दिवशी जेवली नाही. आणि वर जीएसटी. फायनल टॅक्स इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीचं पक्कं बिल, मी काम संपल्यावर लगेच देऊन टाकलं होतं, त्यातला टॅक्सच साधारण 99 हजार, माल घेताना भरलेला टॅक्स (इनपुट) वळता करून उरलेला पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला खिशातून भरला. पैसे आले नसले तरी बिल दिलं की सरकारला टॅक्स द्यावाच लागतो.

मालकांना फोन केला की ते म्हणायचे "देऊलालोय की, कुठं पळून जातोय का मी". नंतर "प्लिंथचं जादा काम मी सांगितलंच नव्हतं" म्हणायला लागले. माझ्याकडं लेखी काहीच नव्हतं, फक्त साइटवरनं त्यांनी व्हॉट्सॲपवर टाकलेला एक मेसेज, "दीड फूट उचला, बघून घेऊ". तो मी डिलीट केला नव्हता हे नशीब.

मग टिळकवाडीतल्या एका वकिलांकडं गेलो. मी ऐकून गेलो होतो की उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असलं की 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं दरमहा चक्रवाढ व्याज, आणि सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करता येते. कायदा खराच आहे, 2006 चा एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा. पण त्यांनी दोन गोष्टी समजावल्या. एक म्हणजे माझं रजिस्ट्रेशन काम संपल्यावरचं, आणि नंतर केलेली नोंदणी मागच्या कामाला लागत नाही असं सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये सांगितलेलं. दुसरं, माल आणि मजुरी एकत्र असलेलं वर्क्स कॉन्ट्रॅक्ट या कायद्यात बसत नाही असे मुंबई हायकोर्टाचे निकाल आहेत, त्यामुळं समोरचा तोच मुद्दा काढणार. माझे सीए म्हणाले मार्चअखेरपर्यंत पैसे दिले नाहीत तर मालकाला इन्कम टॅक्समध्ये त्या वर्षी खर्च मिळत नाही तो 43बी(एच) नियम पण सांगून उपयोग नाही, शेड बांधणं हा भांडवली खर्च, दुरुस्तीचं काम असतं तर गोष्ट वेगळी. हे ऐकून मी निराश झालो पण एक बरं झालं, चुकीच्या दारात वर्षभर बसलो नाही.

वकिलांनी आधी सगळे कागद लावायला सांगितले. दिलेली बिलं, बँक स्टेटमेंट, तारखेचे फोटो, तो मेसेज. काम संपल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो, तेवढा वेळ होता. मग रजिस्टर पोस्टानं मराठीत नाही, इंग्लिशमध्ये नोटीस गेली. आठवड्यात मालकांचा फोन आला, आवाज एकदम मऊ, आणि फेब्रुवारी 2024 च्या तारखेचा पाच लाखांचा चेक दिला. वकिलांनी एक गोष्ट आग्रहानं करून घेतली, चेकसोबत त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळी, अमुक बिल नंबरपोटी हा चेक. त्याचं महत्त्व मला नंतर कळलं.

कारण चेक परत आला. बॅलन्स नाही म्हणून. बँकेचा मेमो हातात आल्यापासून 30 दिवसांत 138 ची (चेक बाऊन्सच्या कलमाची) नोटीस द्यावी लागते, नंतर त्यांना 15 दिवस, तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. एकपण तारीख चुकली की प्रकरण लंगडं होतं. आम्ही चौथ्या दिवशीच नोटीस टाकली. चेक नुसता सिक्युरिटीसाठी (तारण म्हणून) दिला होता असं आता त्यांना म्हणता येत नव्हतं, त्यांच्याच कागदावर बिल नंबर होता. बाराव्या दिवशी पाच लाख आरटीजीएसनं आले. मेसेज आला तेव्हा मी अनगोळला साइटवर होतो, तिथंच विटांवर बसलो थोडा वेळ. राहिलेले 1 लाख 52 हजार, त्यात वकिलांसमोर बसून 1 लाख 20 हजारावर मिटवलं. 32 हजार सोडले त्याचं दुःख अजून आहे, ते माझ्या गवंड्यांच्या घामाचे होते. पाटल्या आधी सोडवल्या.

त्यानंतर खानापूरला एका घराचं काम घेतलं तेव्हा आधी करार केला. करार कन्नडमध्ये झाला, मला सरकारी कन्नड नीट वाचता येत नाही म्हणून मित्राकडून ओळ न ओळ मराठीत करून घेतली आणि मगच सही केली, सीमाभागातल्या आपल्या लोकांनी हे तरी नक्की करा. टप्पे असे लिहिले की स्लॅबची कॉंक्रीट यायच्या आधी स्लॅबचा हप्ता जमा झाला पाहिजे. प्लास्टर, फरशीचे हप्ते लहान लहान केले म्हणजे एकदम मोठी रक्कम माझी अडकत नाही. प्रत्येक टप्प्याचं मोजमाप दोघांनी त्याच दिवशी टेप धरून करायचं, वहीत दोघांची सही, ती सही झाली की तो टप्पा पुरा आणि मग टॅक्स इन्व्हॉइस. जादा काम तोंडी सांगितलं तर मी तिथंच उभा राहून व्हॉट्सॲपवर रेटसकट लिहितो, "हो" आल्याशिवाय मेस्त्रीला हात लावू देत नाही. घरमालकीण पहिल्यांदा थोड्या नाराज झाल्या, "एवढा विश्वास नाही का दादा?" म्हणाल्या. मी म्हटलं ताई, वहीत तुमचंपण माप आहे, मी कमी केलं तर तुम्हालाच दाखवता येईल. मग त्या स्वतः टेपचं दुसरं टोक धरायला लागल्या.

त्या कामाचे सगळे हप्ते आले. पाच टक्के रिटेन्शन (मागं राखलेली रक्कम) राहिलंय, वर्षभर गळती वगैरे नाही आली की द्यायचं असं लिहिलंय. 14 जूनला वर्ष पुरं होतंय. आठ दिवस आधी जाऊन गच्ची तपासायची आणि पत्र द्यायचं, तारीख फोनमध्ये लावून ठेवलीय.