पहिल्या पाण्याची बाटली

सांगलीत पूर ओसरला की पाणीपुरवठ्याच्या माणसांचं खरं काम सुरू होतं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. घरात माणूसभर पाणी आणि प्यायला घोटभर नाही, अशी गत. जॅकवेलच्या, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीच्या, मोटारी बुडाल्या की उपसा थांबतो. त्या बाहेर काढायच्या, उघडायच्या, वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) सुकवायचं, ओल उरली का ते दाखवणारा मेगर लावायचा, आणि मेगरने होकार दिला तरच बटण दाबायचं. तिकडे ड्रेनेजचे पंपही बंद पडलेले, त्यामुळे चेंबरमधून मैला उलटा वर येतो. रस्ता, गटार आणि पाइपचा चर, सगळं एक होतं.

मी तेव्हा पाणीपुरवठ्याकडे कनिष्ठ अभियंता होतो. उपसा सुरू झाला, टाक्या धुऊन भरल्या, लाइनी वॉशआऊट (लाइन धुऊन काढायचा व्हॉल्व्ह) उघडून गढूळ पाणी जाईपर्यंत सोडल्या, क्लोरीनचा डोस वाढवला. शेवटच्या नळाला क्लोरीन लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी उरायला हवा. पुरानंतर आम्ही 0.5 च्या खाली समाधान मानत नव्हतो. ओटी टेस्टमध्ये पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो, तो सगळीकडे छान येत होता.

तरीही गावभागातल्या एका गल्लीतून जुलाबाचे रुग्ण थांबेनात. आशाताई रोज नवी नावं सांगायच्या, त्यात लहान मुलं जास्त. आमच्या वहीत मात्र त्याच गल्लीचे नमुने चांगले. वही खरी की ताई खऱ्या, असा प्रश्नच नव्हता. माणसं आजारी होती.

पाणी सुटायच्या वेळेला मी फिटरकाकांना घेऊन गल्लीत जाऊन उभा राहिलो. नळाला सूं सूं करत आधी हवा आली, मग पाणी. मी नेहमीसारखं नळ थोडा वाहू देऊन बाटली भरणार, तोवर घरातल्या काकू घागर घेऊन पुढे आल्या. म्हणाल्या, "थांबा साहेब, प्यायचं आधी भरून घेते. मागनं दाब गेला तर?"

नमुना घेताना नळ वाहू द्यायचा, ही आमची पद्धत. घराच्या पाइपात साचलेलं पाणी निघून जावं आणि लाइनीतलं खरं पाणी हाती यावं म्हणून ती आहे, आणि ती योग्यच आहे. पण पाणी ठरावीक वेळच येतं तिथे घरातली बाई प्यायचं पाणी सगळ्यात आधी भरते. आम्ही जे पाणी सोडून देत होतो, नेमकं तेच घागरीत जात होतं.

काकूंच्या परवानगीने त्या पहिल्या धारेचा नमुना घेतला. ओटीचे थेंब टाकले, रंग आला नाही. थोड्या वेळाने त्याच नळाचं पाणी पिवळं झालं. गल्लीच्या तोंडाशी पहिली धारही पिवळी होती, खालच्या अंगाच्या घरांत मात्र कोरी. बॅक्टेरिया तपासायच्या बाटलीत तेच पाणी भरून ठेवलं, ती दुसऱ्या दिवशी काळी पडलेली, म्हणजे पाण्यात मैला मिसळत होता. काकूंना ती घागर ओतून टाकायला सांगितलं आणि दारोदार फिरून पहिलं पाणी सोडा, प्यायचं उकळा म्हणून बजावलं.

आता मैला शिरतोय कुठून? फिटरकाका म्हणाले, "सुटताना काय बघताय? बंद हुताना बघा की." चावी बंद करायच्या आधी त्यांनी सुताराकडून मूठभर भुसा आणला आणि गटारात टाकत गेले. जुन्या घरांचे अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप गटार ओलांडूनच आत गेलेले. पाणी बंद झालं, उताराकडच्या नळांतून लाइन रिकामी व्हायला लागली, एकदोन घरांत थेट जोडलेल्या मोटारी उरलंसुरलं ओढत होत्या. एका ठिकाणी भुशाचे कण आधी नुसते थबकले. मग एका बिंदूभोवती बारीक फिरायला लागले आणि एकेक करून खाली गेले. गटाराचं पाणी पाइपात जाताना मी डोळ्यांनी पाहिलं. गाळ उपसला तर पाइप खालच्या बाजूने गंजून चाळण झालेला. पाणी चालू असताना तो बाहेर गळतो, बंद झालं की आत ओढतो.

पुढचं काम सरळ होतं. ती जोडणी फेरूलपासून, म्हणजे मुख्य लाइनीला जिथे जोडलेली असते तिथून, तोडली, गल्लीची लाइन टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) द्रावण भरून ठेवली आणि मग धुतली. तोवर टँकर. नवा प्लास्टिक पाइप गटाराच्या वरून, लोखंडी नळीत घालून नेला. बाकीचेही गटारातले पाइप वर घेतले. त्यानंतर पहिली धारही पिवळी येऊ लागली आणि ताईंच्या यादीत त्या गल्लीची नवी नावं आली नाहीत.

तेव्हापासून योजना सुधारायच्या बैठकीत मी एकच गोष्ट हट्टाने मांडतो. नवं शुद्धीकरण केंद्र हवंच, टाक्या हव्यात, शेरी नाल्यातून कृष्णेत जाणारा मैला थांबायलाच हवा. पण मुख्य लाइनीपासून उंबऱ्यापर्यंतचा तो चार-पाच मीटरचा तुकडा घरमालकाचा म्हणून एस्टिमेटमधून गळतो. घरमालक बिचारा गटाराखाली कधी बघणार? तो बदलायचा खर्च योजनेतच धरला पाहिजे. आणि लाइन रिकामीच होऊ नये, यासारखा दुसरा उपाय नाही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं, ते आपल्यापासून फार लांब नाही. सांगलीला तिथवर जायला वेळ लागेल, हे मी जाणतो. तोवर माझ्या भागात नमुन्याच्या दोन बाटल्या भरतात, एक पद्धतीप्रमाणे आणि एक पहिल्या धारेची. दोन्हींचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले जातात.