पाकळीचा ल

परवा आत्यानं तिच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. "बघ गं, कशी झालीय?"

मी लगेच कळवलं, "वरच्या ओळीतला ल पाकळीचा आहे, तिसऱ्या ओळीतला हिंदी वळणाचा. २००९च्या शासननिर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरलाय."

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

मुद्रितशोधन हेच माझं पोट असल्यामुळे घरचे सांभाळून घेतात. कादंबरी तपासून दिली की संपादक विचारतात, कशी आहे? मला आठवतं ते एवढंच, की पान ४७वर मावशीचं लुगडं हिरवं आहे आणि त्याच प्रसंगाच्या आठवणीत, पान २०३वर, निळं. अडतिसाव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला नाही पटत तो शब्द. स्वतःत कुठली मग्न, मी त्या ल मध्ये मग्न!

लंडनच्या मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ आणि अमिता शाह यांचा १९९३चा एक प्रयोग मला फार आवडतो. ठोकळे जुळवून समोरच्यासारखी नक्षी करायची. नक्षी अखंड असली की ऑटिस्टिक मंडळी पुढे. तीच ठोकळ्याच्या मापानं आधीच तोडून दाखवली, तर बाकीच्यांचा वेग वाढला आणि फरक जवळजवळ मिटला. इतरांना जे तोडून द्यावं लागतं, ते आम्हाला सुटं सुटंच दिसतं. फ्रिथ यांनी १९८९मध्ये याला सुट्या गोष्टी जोडून अर्थ लावण्यातला कमकुवतपणा म्हटलं होतं. २००६मध्ये फ्रान्चेस्का हॅपे यांच्यासोबत लिहिताना त्यांनी ही विचार करण्याची एक शैली मानली. मुद्दाम सांगितलं तर अशा माणसाला अखंड चित्रही दिसू शकतं.

म्हणून रात्री मी स्वतःला सांगितलं, आता अक्षरं नकोत, पत्रिका बघ.

'कै.' नंतरचा पूर्णविराम मी सकाळीच तपासला होता. तो जागेवर होता. आता त्याच्यापुढे आतोबांचं नाव दिसलं. आणि खाली निमंत्रक म्हणून एकट्या आत्याचं. ते गेल्यानंतर घरातलं हे पहिलंच कार्य.

साडेदहा वाजले होते, तरी फोन लावला. आत्या बराच वेळ बोलली, मधेच रडली. ठेवताना म्हणाली, "आणि तो ल बदलायला सांगितलाय बरं का. श पण बघून घेतला."