ड्रूइटच्या मागावर: आधी भरतीची वेळ बघा

जॅक द रिपर म्हणजे १८८८मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये बायकांचे खून करून कधीच न सापडलेला खुनी. त्याच्या नावाने चालणाऱ्या रात्रीच्या ‘रिपर वॉक’ला पैसे घालवू नका. व्हाइटचॅपलमध्ये माझे २० पौंड गेले आणि गाइडने ठासून सांगितलं, ज्याच्यावर रिपर असल्याचा संशय आहे तो माँटेग्यू ड्रूइट डॉक्टर होता. डॉक्टर कसला! इनर टेंपल या लंडनच्या वकील-संस्थेचा बॅरिस्टर, १८८५ची सनद. पोटासाठी ब्लॅकहीथच्या शाळेत मास्तरकी आणि जीव क्रिकेटमध्ये. घोळ घातला तो मॅकनॉटन या पोलीस अधिकाऱ्याने. रिपरच्या संशयितांवरच्या त्याच्या १८९४च्या टिपणात ३१ वर्षांचा हा वकील ४१ वर्षांचा डॉक्टर झाला. तीच चूक मी विकत घेतली.

ड्रूइट शोधायचा तर चिझिकला जा. पण हॅमरस्मिथपासूनचा नदीकाठ! नकाशात जेमतेम अडीच किलोमीटर, सगळं सपाट, म्हणून मी घड्याळही बघितलं नाही. पौर्णिमेचा दुसरा दिवस. चिझिक मॉलवर (दुकानांचा मॉल नव्हे, नदीकाठचा रस्ता) पोचलो तर टेम्स रस्त्यावर. कुंपणापाशी चिकटून चार पावलं टाकली, बूट भरले, मागे फिरलो आणि पाणी उतरेपर्यंत एका भिंतीवर दीड तास बसून राहिलो. मी रत्नागिरीचा! आजोबा तिथीची पाऊणपट करून भरती सांगायचे. तो हिशेब टेम्सला चालत नाही; पोर्ट ऑफ लंडनचा तक्ता बघा, आणि लंडन ब्रिजच्या वेळेपेक्षा इथे पाणी उशिरा चढतं हे धरून चाला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा रस्ता सोडाच.

एवढं करून बघायला काय? सेंट निकोलस चर्च आणि त्याच्याजवळ, जिथे थॉर्निक्रॉफ्टचा जहाजकारखाना होता तिथे आता घरं. ३१ डिसेंबर १८८८ला इथेच त्याचा देह पाण्यातून काढला. कोटाच्या खिशांत दगड, आणि हॅमरस्मिथ ते चेरिंग क्रॉस परतीचं तिकीट, १ डिसेंबरचं. ओल्या मोज्यांत उभं राहून ते तिकीट आठवलं की गाइडचा रागही विसरतो.

ब्लॅकहीथचं रेक्टरी फील्ड मात्र चुकवू नका. ८ सप्टेंबर १८८८ला पहाटे हॅनबरी स्ट्रीटवर रिपरने ॲनी चॅपमनचा खून केला, आणि त्याच दिवशी साडेअकराला हा गडी इथे मॅच खेळायला हजर! रिपरवाल्यांनी आधी याचं उत्तर द्यावं. जून १८८६मध्ये ब्लॅकहीथकडून खेळताना त्याने लॉर्ड हॅरिसला १४ धावांवर त्रिफळाचीत केलं होतं. हाच हॅरिस पुढे मुंबईचा गव्हर्नर. सचिन-कांबळीच्या ६६४ धावा त्याच्याच नावाच्या शील्डमधल्या.

टेंपलला शनिवार-रविवारी जाऊ नका, बहुतेक फाटकं बंद असतात. किंग्ज बेंच वॉकवर ९ नंबरचं दार बघायचं, तिथे त्याचं वकिलीचं ऑफिस होतं; पाच मिनिटांचं काम.

विंबोर्न, त्याचं गाव. छान आहे. स्मशानभूमीत कबर आहे. रेल्वे १९६४पासून नाही. पूल (Poole) या स्टेशनला उतरून बस पकडा. आणि मोज्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा.